खाटेपर्यंत आलेली दोरी

एकदा एक चेला होता, आणि काय सांगू, भयंकर काळजी करणारा! त्याची आई मोठ्या आजारातून उठली खरी, पण उजेड काही तिच्या डोळ्यांना सोसेना. मग यानं खिडकीवर काळी घोंगडी टांगली. डोळे दुखायचे थांबले. पण आई हळूहळू भिंतीकडे तोंड करून पडायला लागली. काही विचारलं तर "हं", नाही विचारलं तर तेही नाही. चेला घाबरलाच. आई रोज थोडी थोडी कुठेतरी आत चाललीये आणि आपल्याला हाक मारता येत नाहीये, असं त्याला वाटायचं.

मग त्याला सुचली झिलमिल! म्हणजे ती आडव्या, तिरप्या पट्ट्यांची झडप असते ना, वारा आत येतो आणि ऊन बाहेर थांबतं, ती. गुरुजींकडे तो सुतारकाम शिकतच होता. अंगणात, खिडकीसमोरच्या शेवग्याखाली फळ्या चिरल्या, रंधा मारला, ऊन कुठून येतं ते बघून पट्ट्या अगदी हव्या तशा तिरप्या केल्या आणि खिळे ठोकून पक्क्या! हलायचं नाव नाही. खोलीत अशी मऊ सावली उतरली, की आपण तळ्याच्या तळाशी बसलोय की काय असं वाटावं.

आई मात्र भिंतीकडेच.

गुरुजी बघायला आले. "छान केलीस रे," म्हणाले. आणि मग काय केलं, तर सरळ जमिनीवर बसले आणि आईच्या उशीशेजारी डोकं टेकवून खिडकीकडे बघत राहिले. बराच वेळ. उठले ते पकड घेऊनच, आणि लागले की खिळे उपटायला!

"अहो गुरुजी! ऊन येईल आत!"

"इथे डोकं ठेव आधी."

चेल्यानं ठेवलं. तिथून नुसतं लाकूड दिसत होतं.

मग दोघांनी प्रत्येक पट्टीच्या टोकांना खुंट्या बसवल्या, सगळ्या पट्ट्या एका उभ्या दांडीला जोडल्या. दांडी हलली की सगळ्या एकदम फिरणार. गुरुजींनी दांडीला दोरी बांधली आणि तिचं टोक आईच्या हातात दिलं.

तिनं ओढली. भसकन उजेड! आईनं डोळे गच्च मिटले. चेला धावला, तर गुरुजींनी त्याचा दंड धरला. "थांब."

दोरी जराशी सैल झाली. पुन्हा जराशी ओढली गेली. भिंतीवर उजेडाच्या रेघा सावकाश वर चढल्या, खाली उतरल्या, जणू खोली श्वास घेत होती.

"मेल्या," आई एकदम म्हणाली, "शेवग्याला शेंगा लागल्यात आणि मला सांगत नाहीस होय?"

चेल्याला हसू की रडू कळेना.

गुरुजी हळूच म्हणाले, "सावली तू मनापासून केलीस, बाळ. पण किती सोसतं ते ज्याच्या त्याच्या डोळ्यांनाच कळतं. आपल्या माणसाला सावली द्यावी, दोरी मात्र त्याच्याच हाती ठेवावी."

आता चेला कामावरून येतो, तो गल्लीच्या तोंडाशी थांबून आधी खिडकीकडे बघतो. पट्ट्या कधी मिटलेल्या असतात, कधी अर्धवट. तशा असल्या की तो पाय न वाजवता आत जातो. आणि सताड उघड्या दिसल्या, की कोपऱ्यावरूनच ओरडतो, "आई, आलो गं!"