हळदीच्या बोटांची पेटी

हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवा, निरांजनाची वात सारखी करा, लेकरांना जवळ घ्या आणि ऐका. खूप खूप वर्षांपूर्वी, नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावाला डोंगराची सावली होती, देवळाला घंटा होती, आणि वेशीजवळ एका म्हाताऱ्या सुताराचं खोपट होतं.

हा सुतार कोड्याच्या पेट्या करी. पेटीला कुलूप नाही, किल्ली नाही, बिजागरीसुद्धा दिसायची नाही. एक फळी डावीकडे सरकवायची, पेटी जराशी कलती करायची, की आतली खुंटी आपसूक पडायची आणि झाकण सुटायचं. हे झालं एका पेटीचं. दुसरीचं कोडं निराळं.

सुतार उभं झाड कधी तोडत नसे. वाऱ्यावादळात आपण होऊन पडलेलं झाड तो घरी आणी, त्याला नमस्कार करी, आणि त्या लाकडात होतील तेवढ्याच पेट्या करी. कधी चार, कधी पाच. लाकूड संपलं की त्या पेटीचा नमुना नदीत सोडून देई. मग तशी पेटी पुन्हा व्हायची नाही.

"आणखी एक करा ना, बाबा," असं कुणी म्हटलं की तो हसे. "झाडानं दिलं तेवढं झालं. आता दुसरं झाड, दुसरं कोडं."

पेटी देताना त्याची एक रीत होती. नेणाऱ्याच्या कानात तो तिचं कोडं सांगे आणि वर म्हणे, "दर पुनवेला एकदा उघडा हो. फळ्या हलू द्या. लाकडाला माणसाचा हात लागला पाहिजे, नाहीतर ते रुसतं."

त्याच गावात एक शेटाणी राहत होती. बाई मनानं चांगली. सोमवार चुकवायची नाही, चतुर्थी मोडायची नाही, दारी आलेल्याला उपाशी पाठवायची नाही. पण सुताराच्या पेट्यांपुढे तिचं मन तिच्या हाती राहत नसे. नवं झाड पडल्याचं कानावर आलं की हिचा गडी सुताराच्या दारात हजर. एक पेटी घेऊन भागायचं नाही. त्या झाडाच्या सगळ्याच्या सगळ्या हव्यात. दुसऱ्या घरी तशीच असली, तर आपल्या पेटीचं अप्रूप ते काय राहिलं?

माजघरात तिनं भिंतभर कपाट करून घेतलं होतं. फणसाच्या पिवळ्या पेट्या, शिसवीच्या काळ्या, शिवणीच्या फिकट, सगळ्या ओळीनं मांडलेल्या. रोज दुपारी ती त्या मऊ फडक्यानं पुसे. उघडत मात्र एकही नसे. उघडली की कडा झिजतात, झिलई जाते. कुणी बघायला आलं की आधीच बजावी, "लांबून बघा हं. हात लावू नका, बोटांचे ठसे उमटतात."

एकदा कासारीण बांगड्या भरायला आली. तिची लेक त्या वर्षी सासरी निघाली होती. ती म्हणाली, "वैनी, औंदाच्या पेट्या सगळ्या तुमच्याकडंच आल्या म्हणे. एक मला द्या की. असेल ते मोल देते. पोरीला माहेरची खूण म्हणून द्यावी म्हणते."

"अगं, त्यातली एक काढली तर जोड मोडतो," शेटाणी म्हणाली.

कासारणीनं बांगड्या भरल्या, टोपली उचलली, निघून गेली. शेटाणीला जराशी चुटपुट लागली. मग ती पेट्या पुसायला बसली.

शेटाणीच्या घरी भाद्रपदात मुखवट्यांच्या गौरी येत. चांदीचे दोन चिमुकले मुखवटे होते. नवी सून आली की तिच्या पहिल्या गौरींना सासूनं ते तिच्या ओटीत घालायचे, अशी त्या घरची चाल. वर्षभर ते तांदळाच्या डब्यात ठेवलेले असत. पण एका वर्षी गौरी बोळवल्यावर शेटाणीच्या मनात आलं, एवढ्या देखण्या देवींना डब्यात काय ठेवायचं! तिनं सुताराला बोलावून शिसवीची सगळ्यांत सुंदर पेटी उघडून घेतली, मुखवटे आत ठेवले आणि पेटी मिटून कपाटाच्या वरच्या फळीवर चढवली.

"पुनवेला उघडत जा, बाई," सुतारानं बजावलं.

"हो हो," शेटाणी म्हणाली. पुनवा आल्या, पुनवा गेल्या.

पुढच्या वर्षी घरात सून आली. पोर गुणी होती, पण तिला आई नव्हती. श्रावण लागल्यापासून ती एकच विचारत होती, "सासूबाई, मुखवटे माझ्या ओटीत कधी घालायचे? माझी आई काही यायची नाही, पण गौराई तर येईल माझ्याकडे." शेटाणी तिच्या डोक्यावरून हात फिरवी आणि म्हणे, "येईल गं, येईल."

त्या वर्षी पाऊस असा लागला की भिंती घामेजल्या. गौरी यायच्या दिवशी सकाळी शेटाणीनं पेटी खाली काढली. फळी सरकवू गेली, फळी सरकेना. कलती केली, उलटी केली. पेटी दगडासारखी मिटलेली. सून दारात ओटीचा पदर धरून उभी होती. शेटाणीनं गड्याला सुताराकडे पिटाळलं.

सुतार आला. पेटीवर कान ठेवून त्यानं बोटानं टकटक केलं. "पावसाचं पाणी पिऊन बसलीय. फुगलीय."

"मग फोडा हो, बाबा!" शेटाणी म्हणाली. बोलताना जीव तुटला, पण म्हणाली. "पेटी गेली तर जाऊ दे."

"पेटीचं काय घेऊन बसलात? मुखवटे फळीला टेकलेत. पटाशी मारली तर पहिला घाव देवीच्या गालावर. माझा हात नाही धजायचा."

"मग चुलीपाशी ठेवू?"

"तडकेल. उन्हात वाकेल. माणसाच्या हाताची ऊब तेवढी तिला सोसते. धरून बसा. दिवेलागणीपर्यंत सैल झाली तर झाली."

शेटाणी पेटी छातीशी धरून बसली. थोड्या वेळानं तिचे हात गार पडले. मग सुनेनं धरली. तिचेही गार पडले. पेटी जशीच्या तशी.

सून हळूच म्हणाली, "सासूबाई, आपल्या दोघींचे हात किती पुरणार? आळीतल्या बायकांना बोलवू या का?"

शेटाणीच्या मनात आलं, ज्यांना वर्षानुवर्षं लांबून बघा म्हटलं, त्यांना आता धरा म्हणायचं? तिनं सुनेच्या रिकाम्या ओटीकडे पाहिलं. मग उठली, पदर सारखा केला आणि सुनेला न पाठवता स्वतः गेली. पहिलं दार कासारणीचं.

कासारीण उंबऱ्यावर रांगोळीची पावलं काढत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येते की. पण वैनी, माझे हात हळदीचे आहेत. ठसे उमटतील हं!"

शेटाणीची मान खाली गेली. "उमटू देत गं. माझं चुकलंच. लेकीसाठी मागत होतीस तू."

कासारणीनं मग रांगोळीचा डबा बाजूला सारला आणि साऱ्या आळीला हाक दिली, "अगं ए, चला गं! शेटाणीच्या घरी गौराई अडकून बसलीय!"

घटकाभरात ओसरी भरली. कुंभारीण आली, गुरवीण आली, परटीण तर अर्धी भाकरी तव्यावरून उतरवून आली. पेटी या मांडीवरून त्या मांडीवर फिरू लागली.

"घे गं, तुझे हात गरम. सकाळपासून भाकऱ्याच थापतेयस."

"माझे कसले गरम? आमचे हे म्हणतात, तोंड तेवढं गरम!"

ओसरीवर हशा पिकला. कुणी गाणं धरलं, कुणी साथ दिली. कुणाच्या बोटाला पीठ, कुणाच्या रांगोळी, कुणाच्या हळद. काळ्याभोर झिलईवर पिवळी बोटं उमटली तशी शेटाणीचा हात सवयीनं फडक्याकडे गेला. मग तिनं तो मागं घेतला, हळदीच्या वाटीत बुडवला आणि बायकांच्या हातांवर आपलाही हात ठेवला.

ऊन कललं, गुरं परतली, देवळात घंटा झाली. सून दाराकडे बघत होती. पेटी तेव्हा कासारणीच्या हातात होती. ती एकदम थांबली.

"गप्प बसा गं. आत काहीतरी हललं."

सुतार पुढं आला. त्यानं पेटी घेतली नाही. रीतीप्रमाणे सुनेच्या कानात कोडं सांगितलं. सुनेनं फळी सरकवली, पेटी कलती केली, आतली खुंटी टक्कन पडली आणि झाकण सुटलं. आत दोघी बहिणी हसत होत्या. चांदी जरासुद्धा काळी पडली नव्हती.

शेटाणीनं मुखवटे सुनेच्या ओटीत घातले. पोरीला रडू आवरेना. कासारणीनं तिला जवळ घेतलं. "रडू नकोस, बाळा. आली बघ तुझी माय."

दिवे लागले. गौरी रांगोळीच्या पावलांवरून घरात आल्या. मग चालीप्रमाणे त्यांना घर दाखवायचं. शेटाणी पुढं, मुखवटे घेऊन सून मागं. "माये, ही बघ चूल. हे धान्य. हा तुझा पाळणा." असं करत करत दोघी कपाटापाशी आल्या. "आणि हे माझं..." शेटाणीचा शब्द अडला. मिटलेल्या पेट्या देवीला काय म्हणून दाखवायच्या? तिनं कपाटाची दारं सताड उघडली. "माये, हे या सगळ्या लेकीबाळींचं वाण."

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला ज्या आल्या, त्यांच्या ओटीत एकेक पेटी गेली. सुतारानं एकेकीला कोडं सांगितलं. पहिली पेटी कासारणीची. ती लेकीकडे गेली. स्वतःकडे शेटाणीनं एकच ठेवली. काळ्या शिसवीवरचे हळदीचे ठसे तिनं कधी पुसले नाहीत, आणि पुनव कधी चुकवली नाही.

पुढंही पाऊस तसाच लागत राहिला, पण गावातली एकही पेटी अडली नाही. एकीत कुंकू असे, एकीत नातवाचं पहिलं पैंजण, एकीत बियाणं. पुनवेच्या संध्याकाळी घराघरांतून खुंट्या पडल्याचा टकटक आवाज येई आणि वेशीजवळचा म्हातारा सुतार खोपटात हसे. नवं झाड पडलं की शेटाणी आताही सगळ्यांच्या आधी त्याच्याकडे जाई. पण विचारी ते एवढंच, "बाबा, या खेपेला कुणाकुणाला द्यायच्या?"

जशी तिच्या घरची पेटी वेळेवर उघडली, तशी घराघरांतली मिटलेली दारं आणि मिटलेली मनं उघडोत.

म्हणून सांगते: नुसतं जपून ठेवलेलं आपल्यासाठीसुद्धा मिटून जातं, आणि चार हातांत दिलेलं आपल्यासाठीही उघडं राहतं.