शंभर गाई आणि न मोजलेले हात

एका राज्यात दुधाचा भाव राजा ठरवी आणि चाऱ्याचा भाव जादूगार ठरवी. आणि या दोन भावांमधल्या अरुंद बोळातून जे गवळी अंग चोरून ये-जा करीत, त्यांतला एक हैबती. त्याच्या गोठ्यात बारा गाई होत्या, घरात तानू नावाची बायको होती आणि ओटीच्या भिंतीवर कवड्यांची माळ होती.

त्या माळेचं आधी सांगायला हवं. गवळीवाड्याची रीत अशी, की दर गाईमागे एक कवडी ओवायची. पाहुणा आला की आधी माळ बघे, मग पाणी मागे. सोयरिकी माळ बघून जुळत आणि माळ बघूनच मोडत. वर्षातून एकदा मोजणीचा सण येई. त्या दिवशी साऱ्या वाड्यापुढे उभं राहून गाई किती, दूध किती, चारा किती, उरलं किती, हे मोठ्यानं सांगायचं. एक गोष्ट मात्र मोजायची नाही, ती म्हणजे घरचे हात. घरच्या माणसाच्या कष्टाला मोल लावलं तर दूध आटतं, अशी तिथली पक्की समजूत.

त्याच राज्यात एक तेली होऊन गेला. त्याचं तेल साऱ्या पेठेत स्वस्त. का, तर घाण्याचा बैल सासऱ्यानं दिलेला, म्हणून बैलाची किंमत तो तेलात धरतच नसे. बैल मेला त्या दिवशी त्याला तेलाचा खरा भाव कळला, आणि दुसऱ्या दिवशी घाणा बंद झाला. ही हकिकत हैबतीनं ऐकली होती. ऐकून तो पोट धरून हसला होता.

एके दिवशी धूम्रकंठ जादूगार त्याच्या ओटीवर येऊन बसला. गवताचा अख्खा डोंगर या धूम्रकंठाच्या मालकीचा. वय तीनशे वर्षं, दाढी काळीभोर. त्यानं माळेकडे बघून तोंड वाकडं केलं.

"बारा कवड्या. गळ्यात घालायलाही पुरायच्या नाहीत," तो म्हणाला. "मी शंभर गाई देतो. मोल नको."

"अट?"

"जे तू मोजणार नाहीस, ते माझं."

हैबतीला हसू आलं. ज्या घरात शेणाच्या गोवऱ्याही मोजून रचतात, तिथे न मोजलेलं राहणार काय? त्यानं हातावर हात मारला. तेवढ्यात दाराआडून तानूनं विचारलं, "धनी, शंभर गाईंचं शेण कोण काढणार?"

"घरचेच तर हात आहेत," हैबती म्हणाला.

तानूनं पदर खोचला आणि पाटी उचलली.

शंभर गाई आल्या. शुभ्र, उंच, वळणदार शिंगांच्या. त्या मरत नसत. भाकड मात्र होत, आणि भाकड झाल्या तरी तेवढंच खात. विकायला बाजारात नेल्या तर धुकं होऊन विरत आणि दिवे लागायच्या सुमाराला पुन्हा दावणीला उभ्या दिसत. एका वर्षी खुरांची साथ आली. त्यात गेल्या त्या हैबतीच्या स्वतःच्या अकरा. जुनी कपिला तेवढी वाचली. पाऊस चुकला की चाऱ्याचा भाव दुप्पट व्हायचा, आणि राजाचा भाव होता तिथेच असायचा. पण हैबतीच्या माळेत आता एकशे एक कवड्या होत्या, आणि दर मोजणीला तो छाती काढून सांगे, "सगळं वजा जाता रोजची दोन नाणी उरतात." वाडा माना डोलवी. धूम्रकंठ पुढच्या पाटावर बसून सगळ्यांत जास्त माना डोलवी.

सात वर्षं गेली. तानू तिशीची झाली आणि सत्तरीची दिसू लागली. केस पांढरे, पाठ कमानीसारखी, बोटं वाकडी. एका सकाळी भरली चरवी तिच्या हातून सुटली आणि ती दुधातच बसून राहिली. वैद्यानं नाडी धरली, सोडली. "हिला रोग नाही," तो म्हणाला. "हिचे दिवस संपले आहेत. कसेबसे महिनाभराचे उरले असतील."

हैबती गोठ्यात जाऊन कपिलेच्या गळ्यात पडला. कपिलेच्या पाठीवर एक गायबगळा नेहमी बसलेला असे. आयुष्यात पहिल्यांदा हैबतीनं त्याच्याकडे वर बघून विचारलं, "हे कसं झालं रे?"

"तिचे दिवस धूम्रकंठाच्या रांजणात आहेत," बगळा म्हणाला. "डोंगराखाली. अशाच दिवसांवर तो तीनशे वर्षं जगला."

"सात वर्षं इथे बसलास. बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. आता विचारलंस तर ऐक. मी या गाईच्या अंगावरचे किडे खाल्ले आहेत, फुकटचं ठेवत नाही. तीन भाव आण. पहिला राजाच्या तोंडून, दुसरा डोंगराच्या तोंडून, तिसरा बाजाराच्या. मोजणीला ते तिन्ही मोठ्यानं बोल. रांजण फुटेल."

मोजणीला तीन आठवडे होते. हैबती राजवाड्याकडे निघाला. दारावरच्या दगडी सिंहांनी त्याचे हात हुंगले, दुधाचा वास ओळखला आणि वाट दिली. राजा खीर खात होता.

"महाराज, दुधाचा भाव?"

"एका चरवीला एक नाणं. माझ्या आजोबांनी ठरवलेला आहे."

"चारा आजोबांच्या वेळचा राहिला नाही, महाराज."

"भाव वाढवला तर नगर ओरडेल."

"आणि गवळी?"

राजानं वाटी खाली ठेवली. "गवळी ओरडत नाहीत," तो म्हणाला. "त्यांना पहाटे उठायचं असतं."

पहिला भाव गाठीला बांधून हैबती कपिलेला घेऊन गवताच्या डोंगराकडे गेला. डोंगराला सात वेढे घालून एक नाग बसला होता. हैबतीनं चाऱ्याचा भाव विचारला.

"पाऊस पडला तर मूठभर नाणी," नाग म्हणाला. "नाही पडला तर तुझ्याकडे जे असेल ते. यंदा पडलेला नाही."

"मग आजचा भाव?"

"एका पेंढीला एक गाय. आणि नुसता ऐकून जाता येत नाही. ऐकला तो द्यावा लागतो."

हैबतीनं कपिलेचं दावं नागाच्या शेपटीला बांधलं. पाठीवरचा बगळा उडाला नाही. नागानं तिला डोंगरात ओढलं, तेव्हा तोही तिच्यासोबतच आत गेला. हैबती एक पेंढी काखेत मारून परतला. वाटेत ती त्याला गाईएवढी जड लागली.

तिसरा भाव सगळ्यांत सोपा वाटला होता. मजुरांच्या अड्ड्यावर साळू नावाची एक बाई विळा घेऊन बसली होती. तानूच्या जागी बाई हवी, असं त्यानं सांगितलं. काम काय, म्हणून तिनं विचारलं. हैबती सांगू लागला: शंभर गाईंचं शेण, दोन वेळची धार, वैरण, पाणी, ताक घुसळणं, गोवऱ्या थापणं, अडलेल्या गाईपाशी रात्रभर बसणं. सांगता सांगता त्याचाच आवाज बारीक होत गेला. भोवतीच्या बाया हसायला लागल्या होत्या.

"दादा, हे एका बाईचं काम नव्हे," साळू म्हणाली. "तीन लागतील. दर बाईला रोज एक नाणं. आणि सणाला आम्ही घरी जातो, ते आत्ताच सांगते. आतापर्यंत कोण करत होतं?"

घरी येईपर्यंत हैबती एकच वजाबाकी पुन्हा पुन्हा करत राहिला, आणि दर वेळी तेच उत्तर आलं.

मोजणीचा सण उजाडला. तानूला बाजेवर घालून आणलं होतं. धूम्रकंठ पुढच्या पाटावर होता, दाढी तेल लावून चमकवलेली. हैबतीनं माळ हातात घेतली आणि एकशे एकावी कवडी, कपिलेची, काढून ठेवली. मग कनवटीच्या तीन कवड्या माळेत ओवायला घेतल्या.

"ह्या कशाच्या?" म्हाताऱ्या पाटलानं विचारलं.

"घरच्या हातांच्या."

वाड्यात कुजबुज झाली. धूम्रकंठ उठून उभा राहिला. "रीत मोडू नकोस, हैबती. बायकोला मजूर म्हणवतोस? चारचौघांत लाज वाटू दे."

लाज तर वाटतच होती. हैबतीचे कान तापले होते आणि कवडीचं भोक दोऱ्याला सापडत नव्हतं. पण बाजेवरून तानू त्याच्याकडे बघत होती.

"राजाचा भाव चरवीला एक नाणं," तो म्हणाला. "डोंगराचा भाव यंदा पेंढीला गाय. चांगली सालं धरूनसुद्धा रोजची दोन नाणी उरतात, असं मी सात वर्षं इथे सांगत आलो. बाजाराचा भाव असा, की माझ्या घरी जे काम होतं त्याला रोजची तीन नाणी पडतात. दोनातून तीन जात नाहीत. रोज एक नाणं घट होती. ती हिनं भरली. मी नाही."

तिसरी कवडी माळेत गेली आणि डोंगराकडून रांजण फुटल्याचा आवाज आला. दोन हजार पाचशे पंचावन्न दिवस थव्यानं उडत आले. त्यांना शेणाचा आणि धुराचा वास होता. ते तानूच्या अंगात शिरले. तिची पाठ सरळ झाली, बोटं उलगडली, डोळ्यांत पाणी आलं. केस मात्र पांढरेच राहिले. धूम्रकंठाची दाढी पांढरी झाली, मग पिवळी, मग तो सगळाच वाळक्या गवताची पेंढी झाला. वाटेनं चाललेल्या एका शेळीनं ती खाल्ली. शंभर गाई धुकं झाल्या आणि या वेळी परत आल्या नाहीत. उशिरा कपिला तेवढी एकटी चालत आली, पाठीवर बगळा घेऊन.

त्या संध्याकाळी हैबती रिकाम्या गोठ्यात बसला होता. तानू आली.

"काय उरलं?" तिनं विचारलं.

"एक गाय, दोन माणसं."

"आधी माणसं मोजा."

"दोन माणसं," हैबती म्हणाला. "एक गाय."

जादू सरली, राज्यात सारं पूर्ववत झालं. म्हणजे राजाच्या खिरीला दूध कमी पडलं नाही, त्याच्या आजोबांचा भाव तसाच राहिला, आणि गवताचा डोंगर धूम्रकंठाच्या पुतण्याकडे गेला. गवळीवाड्यानं हैबतीच्या ओटीवर दोन वर्षं पाणी मागितलं नाही. तीन कवड्यांचा माणूस, असं त्याला म्हणत. पलीकडच्या घरी सत्तर गाई झाल्या आहेत. तिथली सून सव्वीस वर्षांची, आणि तिचे केस पिकू लागले आहेत. तिचा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगतो, की सगळं वजा जाता रोजची दोन नाणी उरतात.

बगळा हल्ली त्या गोठ्यात बसतो. विचारलं तर तो सांगेल. अजून कुणी विचारलेलं नाही.