चिंबोरीने रोवलेल्या शेंगा

फार फार पूर्वी एका वादळात खाडीकाठची कांदळाची झाडं उन्मळून पडली. माती धरून ठेवणारी मुळंच गेली, मग दर भरतीला काठ ढासळू लागला. चिंबोरीचं बीळ तर चारदा वाहून गेलं.

"आपण दुसरी खाडी गाठू," बगळा म्हणाला.

"तुम्हाला पंख आहेत, बगळेदादा. माझ्या पिल्लांना कुठे आहेत?"

चिंबोरीने वाहत आलेली कांदळाची एक शेंग नांगीत धरून चिखलात रोवली. भरतीने ती उपटून नेली. दुसऱ्या दिवशी तिने दुसरी रोवली, तीही गेली.

तेवढ्यात चिखलात राहणारा निवटा मासा उड्या मारत आला. "चिंबोरीताई, भोक उथळ पडतंय गं!"

आता बगळ्यालाही राहवेना. त्याने चोच खुपसून खोल भोक पाडलं, चिंबोरीने त्यात शेंग उभी केली आणि निवट्याने शेपटीने चिखल थोपटला. पंधरा दिवसांत काठभर शेंगा उभ्या राहिल्या.

मग अमावास्येचं उधाण आलं. पाणी ओसरताच तिघं धावत सुटली. निम्म्या शेंगा गेल्या होत्या, पण उरलेल्या ताठ उभ्या होत्या. एकीला तर दोन पानं!

"फुटली! पानं फुटली!" चिंबोरी आनंदाने ओरडली.

"मग बघत काय बसलात?" बगळा चोच खुपसत म्हणाला. "ओहोटी आहे तोवर गेलेल्यांच्या जागा भरूया!"