लवूने होडीला मच्छरदाणी लावली

खाडीकाठच्या एका गावात लवू नावाचा एक भोळा होडीवाला होता. इतका भोळा, की कुणी 'जरा थांब' म्हटलं तर हा जेवणवेळेपर्यंत तिथेच उभा!

त्याच्या मेहुणीचं लग्न ठरलं. नवरामुलगा खाडीपलीकडचा. सासरे म्हणाले, "वऱ्हाड आणायला दुसरा कुणीतरी बघू या." ते ऐकून लवूची बायको शेवंती पेटलीच. "माझाच नवरा आणील! नाही आणलं तर माहेरची पायरी चढणार नाही." बोलून बसली बिचारी.

आता होडी जपायला हवी. काठाला बांधलेली होडी वाडीतली पोरं सोडून मासे पकडायला नेत. म्हणून लवू होडीतच निजायला लागला. पण खाडीचे डास ते! पहिल्याच सकाळी लवूचं तोंड भोपळ्याएवढं.

शेवंतीने मच्छरदाणी काढून दिली. "होडीत चार काठ्या उभ्या करा. ही वरून टाका. कडा चारी बाजूंनी फळ्यांखाली खोचा. आत एक डास शिरता कामा नये."

लवूने तस्सं केलं. सकाळी पुन्हा डोळे सुजवून घरी.

"अहो, मच्छरदाणी नाही लावली?"

"लावली की. एकसुद्धा आत गेला नाही. सगळे माझ्यापाशी होते."

"आणि तुम्ही कुठे होता?"

"वाळूत. मी आत गेलो असतो तर कड उचलावी लागली असती ना!"

शेवंतीने कपाळावर हात मारला. "आधी आपण आत शिरायचं, मग कडा खोचायच्या. कळलं?"

"कळलं." कळलं म्हणायला लवू कधी चुकत नसे.

संध्याकाळी ती म्हणाली, "कोंबड्या डालग्याखाली झाका जरा." लवू आधी आपण डालग्याखाली शिरला आणि कडा घट्ट दाबून बसला. कोंबड्या अंगणभर. मुंगसाने एक पळवली, तरी हा आतून ओरडतोय, "मी सुखरूप आहे गो!"

"अहो शहाणे, कोंबड्यांना आत घालायचं आणि आपण बाहेर बसून राखण करायची!"

"मग तसं सांगायचं ना."

हसू नका, पुढे ऐका. लवूने उरलेल्या कोंबड्या काखोटीला मारल्या, होडीत नेल्या, मच्छरदाणीत घातल्या, कडा खोचल्या आणि आपण बाहेर राखणीला बसला. सकाळी कोंबड्या ताज्यातवान्या. एकीने तर अंडंही घातलं. मच्छरदाणी मात्र नखांनी फाटलेली, आणि लवूच्या अंगावर तीळ ठेवायला जागा नाही.

शेवंती रडकुंडीला आली. लग्न उद्यावर आलेलं. मच्छरदाणी शिवता शिवता ती एकेक शब्द सावकाश बोलली, "आत फक्त तुम्ही. दुसरं कुणी नाही. कुणीही आलं तरी आत घ्यायचं नाही. कानाशी आवाज करत आलं, तर सरळ हाणायचं."

आणि काय सांगू! त्या रात्री लवू आत, डास बाहेर. सकाळी तोंडावर एक फोड नाही. शेवंतीचा जीव भांड्यात पडला. बापाला ऐटीत म्हणाली, "बघा माझा नवरा!" आणि लवूला वऱ्हाड आणायला पलीकडे धाडलं.

मांडव भरला. मुहूर्त जवळ आला. वऱ्हाडाचा पत्ता नाही. भटजी घाई करू लागले तशी सगळी माणसं धक्क्यावर धावली. होडी येताना दिसली. मच्छरदाणी लावलेलीच, कडा खोचलेल्या, नुसती वल्ही बाहेर. आत लवू. एकटा.

"अहो, नवरदेव कुठाय?" शेवंती किंचाळली.

"आला होता की!" लवूला हसू आवरेना. "ताशे-वाजंत्री घेऊन थेट माझ्या कानाशी आले सगळे. आत शिरायला काय धडपडत होते! पण मी एकालाही शिरू दिलं नाही. आणि तो मुंडावळ्यावाला फारच अंगाशी आला, त्याला वल्ह्याने असा हाणलाय, की परत यायचं नाव काढणार नाही!"