कोंडवाड्याच्या जागेवरची भिंत

“बरं, मग भिंत किती उंच म्हणालास?”

लहानूबुवांनी विचारलं आणि पेरूचा लचका तोडला.

“सात फूट,” हेरंब म्हणाला.

हा हेरंब म्हणजे नगरपालिकेतला नगररचनाकार. पुण्याहून पहिल्या वर्गात पास होऊन आलेला. इस्त्रीची पँट, आणि मानही तशीच. पोरवयात तो मठात बुवांकडं मृदंग शिकायचा. हात काही बसला नाही, पण बुवांपुढं येऊन बसायची खोड गेली नाही.

ओसरीवर नकाशा पसरला होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर पेरू ठेवले होते. त्यातला एक आता बुवांच्या तोंडात, आणि तो कोपरा फडफडत होता.

जागा नगरपालिकेची. जुना कोंडवाडा. मोकाट गुरं कोंडायचं बंद झालं, तेव्हापासून तिथं गाजरगवताचं राज्य. हेरंबानं डोकं चालवलं. पुढच्या इमारतीतली घरं डॉक्टर-व्यापाऱ्यांना बाजारभावानं विकायची, आणि त्या पैशात मागं सफाई कामगारांना, भाजीवाल्यांना परवडतील अशी घरं बांधायची. गावानं वाहवा केली. वाहवा करायला गावाचं काय जातं?

मग पुढचे म्हणाले, मध्ये भिंत नसेल तर आम्ही घेत नाही.

मागचे म्हणाले, भिंत आली तर आम्ही येत नाही.

आणि उद्या सभा. उद्या ठरलं नाही तर त्या जागेवर दुकानं उठणार. नगराध्यक्षांचे मेहुणे टेप घेऊन मापंसुद्धा टाकून गेले होते.

“सातच का?”

“पलीकडचं दिसत नाही, बुवा.”

“काय दिसतं रे पलीकडं?”

“वाळत घातलेलं धुणं. बिड्या ओढणारे म्हातारे. पोरं.”

“पुढच्यांना पोरं नसतात?”

“असतात. ती शिकवणीला गेलेली असतात.”

बुवा खुदकन हसले. “मग पाच फूट कर.”

“पाच फुटांवरून पुढचे डोकावणार आणि मागच्यांचं डोकं फिरणार. सगळ्यांना विचारून झालंय. उंचीचं मला नका सांगू, बुवा. ते माझं शास्त्र आहे.”

बुवांनी पेरूचं देठ अंगणात भिरकावलं.

हेरंबाची मान जरा खाली आली. “मागच्या बायकांना शब्द दिलाय मी. पुढचा उन्हाळा पत्र्याखाली काढावा लागणार नाही म्हणून.”

…

“ऊठ,” बुवा म्हणाले. “तू भिंत.”

“काय?”

“भिंत बोलते का कुठं?”

हेरंब उभा राहिला. बुवांनी टाचा उंचावून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “ही तुझी शास्त्रातली.” मग खांदा दाबला. “खाली ये.”

गुडघे वाकले.

“अजून.”

…

“अजून.”

इस्त्रीची पँट सारवलेल्या जमिनीला लागली. मग हातही टेकले. रस्त्यानं चाललेल्या दूधवाल्यानं सायकल थांबवली आणि नगरपालिकेचा एवढा मोठा साहेब ओसरीवर घोडा झालेला डोळे भरून पाहून घेतला.

लहानूबुवा त्या पाठीवर ऐसपैस बसले. वजन ते काय, घडी घातलेल्या घोंगडीएवढं. पाय हलवत दुसरा पेरू खायला लागले.

“ही बरोबर,” म्हणाले.

…

“बुवा,” खालून आवाज आला, “हिच्यावर तर पुढचेही येऊन बसतील आणि मागचेही.”

“हं.”

“मग ही भिंत कसली?”

बुवांनी भिंतीच्या केसांतून हळूच हात फिरवला.

“भिंतच आहे, बाळा. पाठ कुणाकडं करून बसायचं, ते ज्याचं त्याला ठरवू दे.”