आजोबा झालेला कावळा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कावळ्यांना माणसांची भाषा कळायची. आजही कळते म्हणतात, पण ते तसं दाखवत नाहीत. का, ते पुढे येईलच.

एका नदीच्या घाटावर पिंपळ होता आणि पिंपळावर एक तरणाबांड कावळा राहत होता. घाटावर लोक दहाव्याचे पिंड ठेवत. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा पुरी झाली, असं मानत. एकदा या कावळ्याने भाताला चोच लावली मात्र, सगळं कुटुंब हात जोडून रडू लागलं, "आजोबा आले हो, आजोबा!"

कावळ्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. म्हणजे आजोबा आपणच!

झालं, स्वारी निघाली आपल्या घरी. ओटीवरच्या झोपाळ्यावर बसली, वाळत घातलेल्या कुरडया मटकावल्या आणि वर ताकाची फर्माईश केली. घाटावर ढसाढसा रडलेली सून केरसुणी घेऊन धावली. "हाड मेल्या! सगळ्या उष्ट्या केल्यास ना!" शेपटीची पिसं तिथेच ठेवून आजोबा पळाले.

रागाने तो होता त्याहून काळा झाला. पिंपळावर त्याने सभा भरवली. "माणसं खोटारडी आहेत! आपण कोणाचे आजोबा नाही की आजी नाही. खोट्या नात्याचा भात आपल्याला नको. आजपासून पिंडाला शिवायचं नाही!"

"अरे बाबा, भात तर खरा असतो ना?" एक म्हातारी कावळी म्हणाली. तिचं कोणी ऐकलं नाही.

दुसऱ्याच दिवशी दोन भाऊ आईचा पिंड घेऊन आले. सोबत त्यांची बहीण होती. भावांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, त्यामुळे अंगणात मधोमध भिंत उभी राहिलेली. कोणत्या दारातून आत जावं ते न कळून बहिणीने माहेरी येणंच सोडलं होतं.

पिंड ठेवला. कावळे ढिम्म. ऊन चढलं, घाटाचे दगड तापले.

"आई, देवळाला कळस चढवतो," थोरला म्हणाला.

"मी गावजेवण घालतो," धाकटा म्हणाला. थोरल्यापेक्षा कमी कशाला पडा?

कावळा वर बसून खिदळत होता. "बोला, बोला! मी नाही तुमची आई."

गुरुजींना भूक लागली होती. ते दर्भाचा कावळा वळू लागले. "खरा येत नसेल तर हा शिववतात. शास्त्रात सोय आहे."

गवताचा कावळा! हा अपमान आपल्या कावळ्याच्या जिव्हारी लागला. पण बहिणीने गुरुजींना थांबवलं. "नको गुरुजी. आईला काय हवंय ते या दोघांना ठाऊक आहे. बोलू दे त्यांना."

मग थोरला घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आई, ती भिंत पाडतो."

धाकट्याला हुंदका फुटला. "कुदळ मी आणतो, दादा." कित्येक वर्षांत त्याने दादा म्हणून हाक मारली नव्हती.

कावळा चक्रावला. "पण मी तर काहीच मागितलं नव्हतं!"

"तुला आई समजले म्हणून बोलले," म्हातारी कावळी म्हणाली. "नुसत्या कावळ्यापुढे कोण बोललं असतं?"

"मग मी आई नाही, हे सांगू का त्यांना?"

"सांग की. आणि ती भिंतही परत बांधून दे."

कावळा मुकाट्याने खाली उतरला आणि पिंडाला शिवला. "आली गं माझी आई," म्हणत बहिणीने डोळ्यांना पदर लावला. कावळ्याचा गळा दाटून आला. भाताने, असं तो नंतर सांगत असे.

भिंत पडली. पुढे एकदा तो त्या घरावरून चालला होता. मोकळ्या अंगणात माहेरी आलेली बहीण पापड वाळत घालत होती. त्याने एक उचलला.

"हाड मेल्या!" ती ओरडली.

या खेपेला त्याला मुळीच राग आला नाही. पिंपळावर जाऊन त्याने अर्धा पापड म्हातारीला दिला. तेव्हापासून कावळे माणसांचं सगळं ऐकतात, पण कोणाची चूक दुरुस्त करत नाहीत.

तात्पर्य: श्रद्धेचा शब्द खरा की खोटा यावर भांडण्याआधी, तो माणसाकडून काय करवून घेतो ते पाहावं.