ठेंगूचं पेडल पचाक्!

चूक ठेंगूची होती. दुसऱ्या कुणाचीच नाही. आधीच सांगून टाकलं, बरं का.

ठेंगू म्हणजे उंदीर. एवढासा! फुशारकी मात्र एवढी मोठी!

ठेंगूकडे गाडी होती. लाल चुटूक स्पोर्ट्स कार. भुर्रर्र! हेल्मेटसुद्धा होतं. ते जरा मोठं होतं. सारखं डोळ्यांवर यायचं.

सकाळी ठेंगूनं गाडीचं ब्रेक ऑइल बदललं. जुनं काढलं, नवं ओतलं. एकट्यानं!
"कुणी नको मला. मला सगळं येतं!"

मग ठेंगू गाडीत बसला. भुर्रर्र! वळण आलं. ठेंगूनं ब्रेकचं पेडल दाबलं.
पचाक्!
पेडल गेलं आत. मऊ मऊ, लोण्यासारखं. गाडी थांबलीच नाही. सर्रर्र... धप्प! शेणाच्या ढिगात!

ठेंगू बाहेर आला. तोंडाला शेण. हेल्मेटला शेण. आणि उजवीकडची मिशी? तुटली!

आणि आज तर टेकडीवर शर्यत होती! तीन ढोल वाजले की गाड्या सुटणार. उतार मोठा. उताराच्या खाली तळं. ब्रेक नाही, तर ठेंगू कुठे? तळ्यात. डुबुक!

ठेंगू निघाला बेडूकमामांकडे. त्यांचं गॅरेज होतं.
टुबुक टुबुक टुबुक. डोक्यावर हेल्मेट, खाली गाडी नाही.
रेसर चालला पायी!

"मामा, मामा, ब्रेक बघा!
पेडल कडक होईना,
गाडी माझी थांबेना!"

बेडूकमामा खाटेवर पडले होते. तोंड वाजत होतं, अंग हलत नव्हतं.
"तूच ना तो? माझ्याकडे शिकायला आलास आणि तिसऱ्या दिवशी पळालास?"
"मला सगळं येत होतं, मामा."
"दिसतंय ते तोंडावर. पूस आधी!"

मामा कसेबसे उठून ढिगातल्या गाडीपाशी आले. खाली वाकले.
"जमीन ओली? नाही. कोरडी. म्हणजे ऑइल गळत नाही. ब्रेकचं पॅड झिजलं? नाही. जाड आहे. आता पेडल दाब. भराभर!"
पचाक्! पचाक्! पचाक्! टुक.
"बघ, जरासं कडक झालं. म्हणजे नळीत हवा आहे. हवेचा बुडबुडा! तो दबतो, म्हणून पेडल मऊ. पण तो आत गेला कसा?"
"मला काय माहीत!" ठेंगू म्हणाला. हेल्मेट ओढलं डोळ्यांवर.
"बरं. ऑइल आण, मग हवा काढतो." आणि मामा पुन्हा खाटेवर!

ढम! पहिला ढोल वाजला.

टुबुक टुबुक टुबुक. रेसर चालला पायी! गेला कासवआजोबांच्या दुकानात.

"आजोबा, आजोबा, ऑइल द्या!
मामा हवा काढेनात,
पेडल कडक होईना,
गाडी माझी थांबेना!"

कासवआजोबांनी मान बाहेर काढली. हळूऊऊ.
"ब्रेक कशाला हवेत? आमच्या वेळी ब्रेकच नव्हते!"
ठेंगू मनात म्हणाला, तुम्ही पळालात तरी कधी?
"ऑइल आहे आत. पण शटर अडकलंय. बोकडाला सांग उचलायला. मग देतो." आणि मान पुन्हा आत!

टुबुक टुबुक टुबुक. रेसर चालला पायी! गेला बोकडकाकांकडे.

"काका, काका, शटर उचला!
आजोबा ऑइल देईनात,
मामा हवा काढेनात,
पेडल कडक होईना,
गाडी माझी थांबेना!"

बोकडकाका पाला खात होते. कचर मचर, कचर मचर.
"आजकालच्या पोरांना एक काम धड येत नाही," काका म्हणाले. बसल्या बसल्या!
"मग उठा ना, काका."
"उठतो रे. पण शिंगात पतंगाचा मांजा अडकलाय. कावळ्याला सांग सोडवायला. मग उचलतो." कचर मचर, कचर मचर.

ढम! दुसरा ढोल वाजला.

टुबुक टुबुक टुबुक. रेसर चालला पायी! गेला कावळेदादाकडे.

"दादा, दादा, मांजा सोडव!
काका शटर उचलेनात,
आजोबा ऑइल देईनात,
मामा हवा काढेनात,
पेडल कडक होईना,
गाडी माझी थांबेना!"

"काव! मांजा? चुटकीसरशी सोडवतो," कावळेदादा म्हणाला. "पण उपाशीपोटी नाही. मुंगीकडे बिस्कीट आहे. ते आण. मग सोडवतो. आणि शेण पूस ते!"

टुबुक... टुबुक... टुबुक... पाय दुखले. रेसर चालला पायी! गेला मुंगीमावशीकडे.

"मावशी, मावशी, बिस्कीट दे!
दादा मांजा सोडवेना,
काका शटर उचलेनात,
आजोबा ऑइल देईनात,
मामा हवा काढेनात,
पेडल कडक होईना,
गाडी माझी थांबेना!"

मुंगीमावशी ठेंगूहून लहान. पण तिनं हातातलं काम ठेवलं. समोर येऊन बसली.
"देते. पण खरं सांग. बुडबुडा आत गेला कसा?"
"ऑइल वाईट होतं!"
"खोटं."
"गाडी वाईट आहे!"
"खोटं."
"मग मामा... आजोबा..."
"तेही खोटं."

ठेंगूनं हेल्मेट काढलं. डोकं किती लहान होतं ते!
"मावशी, मीच घातला. ऑइल बदललं की एकानं वर पेडल धरायचं आणि एकानं खाली स्क्रू सोडायचा, म्हणजे हवा निघते. दोघं लागतात. मी कुणालाच हाक मारली नाही. मला सगळं येतं ना! सगळं येतं, म्हणून तर शेणात पडलो."
फिस्सकन मावशी हसली. ठेंगूही हसला.
"घे बिस्कीट. पळ!"

पळाला ठेंगू! टुबुकटुबुकटुबुक!

मावशीनं दिलं बिस्कीट,
दादानं सोडवला मांजा,
काकांनी उचललं शटर, खडाड् खड!
आजोबांनी दिलं ऑइल, हळूऊऊ,
आणि मामा उठले खाटेवरून. उठले एकदाचे!

मामा गेले गाडीखाली. ठेंगू बसला वर.
"दाब!"
"दाबलं, मामा!"
"धर! मी सांगेपर्यंत सोडू नको!"
"धरलं, मामा!"
मामांनी स्क्रू सोडला. बुड बुड बुडुक! बुडबुडा आला बाहेर. स्क्रू पुन्हा घट्ट.
"सोड!"
"सोडलं, मामा!"
दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. चारही चाकांना! मामा नवं ऑइल ओतत गेले.
"आता दाब बघू."
टणक!
पेडल झालं कडक. दगडासारखं!

ढम! तिसरा ढोल. गाड्या सुटल्या!

"थांबा! मी आलो!" भुर्रर्र! ठेंगू निघाला. सगळ्यांच्या मागून.
उतार आला. सर्रर्र! पुढे खारूताई दिसली. तिच्या पुढे ससा दिसला. ठेंगू जवळ आला. अजून जवळ आला. आता गाठणार!

आणि खारूताई पुढे जाताच रस्त्यावर काय आलं?
मुंग्या! पुढे मुंगीमावशी, मागे तिची पिल्लं. कावळेदादानं बिस्कीट खाताना चुरा सांडला होता. तो डोक्यावर घेऊन घरी निघाल्या होत्या. ओळीनं.

ठेंगूनं पेडल दाबलं.
टणक! चर्रर्र... टक!

गाडी थांबली. मावशीच्या अगदी पुढ्यात. मध्ये फक्त एका मिशीएवढी जागा!

"अरे, उतार आहे. पाय काढू नको हं!" मावशी म्हणाली.
"धरलंय, मावशी!"

एक मुंगी गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. दहा गेल्या. वीस गेल्या. रांग संपेचना!
"अजून किती गं?"
"थोड्याच. ऐंशी!"

तिकडे टाळ्या वाजल्या. ससा पहिला आला. खारूताई दुसरी आली.
ठेंगू उतारावरच. पाय पेडलवर. हेल्मेट डोळ्यांवर.

शंभरावी मुंगी गेली. तेव्हा ठेंगूनं पाय काढला.

ठेंगूची एक मिशी गेली. आणि शर्यत गेली.